होडी पाण्यात आहे का?

"होडी पाण्यात आसंल तर घंटा न्हाय," कोंडीमामा म्हणाले. "ह्ये पयलं लिही."

मी ते पहिलं लिहिलं नाही. वहीत आधी 'शनिवारी सकाळी सव्वासात' लिहिलं, मग 'एरवी साडेदहा', मग मधली सुट्टी, मग झेंडावंदनाचे दिवस, आणि होडीचं सगळ्यांत शेवटी, समासात, बारीक अक्षरात. मला ते हसण्यासारखं वाटलं होतं. शेजारी बसलेली मालन मात्र हसली नाही, कारण ती होडी तिचीच होती.

ही मी नववीत असतानाची गोष्ट, म्हणजे पंचवीस वर्षं होऊन गेली. आमचं गाव धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. शाळा टेकाडावर, खाली पाणी, आणि पाण्यापलीकडे डोंगराच्या कुशीत म्हाळुंगवाडी. तिथे चौथीपर्यंतच शाळा. पाचवीपासून शिकायचं तर होडीने इकडे यायचं. मालन शेलार रोज यायची. तिचे वडील वल्हं मारत तिला आणून सोडायचे, ती टेकाड चढून फाटकातून आत गेली की मगच होडी वळवायचे. त्या वाडीतून नववीपर्यंत पोचलेली ती एकटीच, आणि आता होडीने येणारीही.

कोंडीमामा आमचे शिपाई. त्यांचं स्वतःचं घर धरणात गेलेलं, त्यामुळे पाण्याकडे बघत राहायची त्यांना सवय होती. हातात घंटेचा हातोडा घेऊन ते झेंड्याच्या कट्ट्यावर उभे राहायचे, होडी काठाला लागून मालन वर येताना दिसली की घंटा वाजवायचे. कधी साडेदहाला, कधी दहा पस्तीसला, वारं उलटं असलं तर पावणेअकराला. गावात कुणाचं काही अडत नव्हतं. पण जूनमध्ये मोहिते सर मुख्याध्यापक म्हणून आले आणि त्यांनी घंटा झाली की फाटक बंद करायचा नियम केला. घंटाच मुळात उशिरा होते हे त्यांच्या ध्यानात यायला महिना लागला.

"कोंडीबा, आज पुन्हा सात मिनिटं उशीर?"

"साळंचं घड्याळ मागं पडतंय, सायेब," कोंडीमामा साळसूदपणे सांगायचे. घड्याळाला बिचाऱ्याला कधी बोलता आलं नाही.

त्याच वर्षी शाळेला दोन जुने कॉम्प्युटर मिळाले आणि ते शिकवायला पाटणे सर आले. पंचविशीचे, किडकिडीत, सतत उत्साहात. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "हा जगातला सर्वांत आज्ञाधारक आणि सर्वांत बिनडोक विद्यार्थी आहे. ह्याला दोनच गोष्टी कळतात. एक, जर असं असेल तर तसं कर. दोन, अमुक होत नाही तोपर्यंत हेच पुन्हा पुन्हा कर. बाकीचं सगळं ह्या दोहोंतून आपण उभं करायचं."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मी वर्गात पहिली येणारी, पोस्टमास्तरांची मुलगी, पण मलाही काही उमगलं नव्हतं. तेवढ्यात मालन म्हणाली, "म्हंजे आमच्या आबांगत, सर. जाळं वढायचं. मासा आसंल तर घरी. नसंल तर परत टाकायचं, परत वढायचं."

पाटणे सरांनी खडू खाली ठेवला. "शेलार," ते म्हणाले, "मला हे कळायला कॉलेजचं पहिलं वर्ष गेलं होतं."

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या पोटात दुखलं. पण मालनवर राग धरणं अवघड होतं. सरांनी आम्हा दोघींना एकाच कॉम्प्युटरवर बसवलं. ती डब्यातली वाळवलेल्या माशांची चटणी मला द्यायची, मी तिला इंग्रजी शब्द सांगायचे. प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीला आकडा द्यायचा असे. दहा, वीस, तीस. "मध्ये दहा-दहाची जागा सोडा," सर सांगायचे, "नंतर काही आठवलं तर घालायला बरं." एखादी ओळ नको असेल तर नुसता तिचा आकडा लिहून एंटर दाबायचं, की ओळ गेली. इतकं ते सोपं होतं.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेची घंटा कॉम्प्युटरने वाजवायची, ही कल्पना सरांची. घंटेचे सगळे नियम कुणाला तोंडपाठ, तर कोंडीमामांना. म्हणून आम्ही वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो होतो.

"हे होडीचं कसं घालायचं, सर?" मी विचारलं. "कॉम्प्युटरला होडी कुठे दिसते?"

"नाही दिसत," सर म्हणाले. "मग काय करता येईल?"

मालनने वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "त्याला दिसत न्हाय, पर मामांना दिसतंय. त्यानं मामांना इचारायचं. होडी पाण्यात आहे का? आसंल तर एक दाबायचं, नसंल तर शून्य. एक दाबलं की परत इचारायचं. शून्य दाबलं की घंटा."

तीन ओळी झाल्या. एकशे पन्नास, एकशे साठ, एकशे सत्तर. मराठीतला प्रश्न इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. कोंडीमामांना आणून खुर्चीवर बसवलं, मालनने प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी एक दाबलं. पुन्हा तोच प्रश्न आला. पुन्हा एक, पुन्हा प्रश्न. मामा लहान मुलासारखे हसायला लागले. "दमत न्हाय ह्ये!" म्हणाले. मग शून्य दाबलं, आणि सरांनी जोडलेली विजेची घंटा खणखणली.

घरी जाताना मालनने मला तिची गोष्ट सांगितली. वडिलांना सकाळची जाळी सोडून तिला पोचवायला यावं लागायचं आणि चुलत्यांना ते पटत नव्हतं. तिच्यासाठी एक स्थळही येऊन गेलं होतं. तेव्हा वडिलांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं की ती शाळेत जाते तोवर ते पोचवतील, पण ज्या दिवशी फाटकावरून परत यावं लागेल, त्या दिवशी शाळा संपली.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय? लगीन," ती म्हणाली. "पर आता कशाला परत यावं लागतंय? आता तर कॉम्प्युटरच थांबणार. मी सांगितलंय आबांना."

प्रदर्शन दोन दिवसांचं आणि मुक्कामी होतं. मालनला घरून परवानगी मिळाली नाही. मी आणि पाटणे सर गेलो. दुसऱ्या दिवशी परीक्षक आमच्या शेजारच्या टेबलाशी आले. तिथे एका शाळेने पाण्याची टाकी भरली की मोटर बंद करणारं यंत्र मांडलं होतं, पण सुरू करताना एक बटण हाताने दाबावं लागे. परीक्षकांनी चष्मा वर केला. "माणसाचा हात लागतो? मग स्वयंचलित कसलं?" असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. टेबलामागच्या मुलाचा चेहरा पडला.

सर चहा आणायला गेले होते. मी एकशे पन्नास लिहिलं, एंटर दाबलं. एकशे साठ, एंटर. एकशे सत्तर, एंटर. मग बदल जपून ठेवणारी आज्ञा दिली. अर्ध्या मिनिटात काम झालं. परीक्षक आले. घड्याळात वेळ झाली आणि कुणी हात न लावता घंटा वाजली. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं.

"होडीचं दाखवलंस का?" सरांनी येताना एस.टी.त विचारलं.

"वेळच नव्हता, सर," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेले.

गावात पोचल्या पोचल्या त्या ओळी परत घालायच्या, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण मोहिते सरांनी प्रार्थनेच्या वेळी माझ्या गळ्यात हार घातला आणि जाहीर केलं, "सोमवारपासून शाळेची घंटा हा कॉम्प्युटर वाजवील. महिन्याने जिल्ह्याचं प्रदर्शन आहे, तोवर ह्यातलं एक अक्षरही कुणी बदलायचं नाही." मालन टाळ्या वाजवत होती. सगळ्यांत जोरात तीच वाजवत होती.

रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करायचा मान माझा. पहिल्या दिवशी कोंडीमामा खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. घंटा वाजली तसे ते दचकले. "ह्यानं इचारलं न्हाय गं."

"राहिलंय, मामा. उद्या घालते."

उद्या झाला, परवा झाला. हवा चांगली होती, वारं पडलेलं होतं, होडी रोज वीस मिनिटं आधीच काठाला लागत होती. मोहिते सरांना सांगायचं तर त्या ओळी आधी होत्या हे सांगावं लागलं असतं, आणि मग त्या कुणी काढल्या तेही. मी दिवस ढकलत राहिले.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी धुकं उतरलं. आमच्याकडे पौषात असं धुकं येतं की टेकाडावरून खालचं पाणी आहे की नाही तेही कळत नाही. शाळेत त्या दिवशी शिक्षण विस्तार अधिकारी आले होते, मुद्दाम आमची घंटा बघायला. मोहिते सर त्यांना घेऊन फाटकाशी उभे होते आणि पाटणे सर वरच्या वर्गात होते. मी कॉम्प्युटरच्या खोलीत एकटी होते.

साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना कोंडीमामा पळत आले. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं.

"शुभे, वल्ह्याचा आवाज येतुया धुक्यातनं. होडी पाण्यात हाय. थांबीव ते."

मला थांबवता येत होतं. दोन बटणं एकदम दाबली की चालू प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो, हे सरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. माझी बोटं त्या बटणांपासून वीतभर अंतरावर होती. बाहेर मोहिते सर मनगटावरचं घड्याळ साहेबांना दाखवत होते.

"मामा, ते थांबत नाही," मी म्हणाले. "एकदा सुरू केलं की आपल्या हातात काही राहत नाही."

कोंडीमामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी विश्वास ठेवला. मी हुशार मुलगी, मला कळत असणार. ते तसेच वळून फाटकाकडे धावले, हात जोडून मोहिते सरांना काही सांगू लागले, आणि त्यांच्या डोक्यावर घंटा वाजली.

"कोंडीबा, फाटक," मोहिते सर म्हणाले.

मालन सहा मिनिटांनी आली. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. परकराचा काठ ओला, दम लागलेला, पण चेहऱ्यावर काळजी नव्हती. फाटक बंद बघून ती आधी हसली, चुकून लागलं असेल असं समजून.

"उशीर," मोहिते सर म्हणाले. "शिस्त म्हणजे शिस्त. घरी जा, उद्या वेळेवर ये."

"पर सर, घंटा थांबणार हुती," ती म्हणाली. "होडी पाण्यात आसली की ती थांबती."

विस्तार अधिकारी कौतुकाने हसले. मोहिते सरांना ती काय म्हणते तेच कळलं नाही. मालनने कोंडीमामांकडे बघितलं, आणि मामांनी मान खाली घातली. मग तिने फाटकाचे गज सोडले आणि ती वळली.

तोवर धुकं विरळ झालं होतं. खाली होडीत तिचे वडील नेहमीसारखे वर बघत उभे होते, ती आत गेली की वळायचं म्हणून. त्यांनी तिला परत खाली येताना पाहिलं. तिला नीट बसता यावं म्हणून त्यांनी होडी काठाशी धरून ठेवली, एवढंच मला दिसलं.

शुक्रवारी होडी आली नाही. शनिवारी नाही, सोमवारी नाही. मोहिते सर वाईट माणूस नव्हते. फाटकावरून परत गेल्याने तिची शाळा सुटतेय हे कळल्यावर त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली आणि पाटणे सर नि कोंडीमामा म्हाळुंगवाडीला गेले. मलाही बोलावलं होतं. मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले. संध्याकाळी मामांनी सांगितलं, मालनच्या वडिलांनी चहा केला, बसायला घोंगडं टाकलं, चिठ्ठी वाचून घेतली. मग म्हणाले, "गुर्जी, तुमचा राग न्हाय. पर तिनं कबूल केलंवतं, आन् मी भावाला सबूद दिलाय. पावणं परवा येऊन सुपारी फोडून गेलं."

"मालन काय म्हणाली?" मी विचारलं.

"आमी निघताना काठापत्तुर आली. कॉम्प्युटर बरा हाय का, इचारलं."

पंधरा दिवसांनी ती शाळेत आली, वडिलांबरोबर, दाखला न्यायला. नवी साडी नेसली होती आणि तिला त्यात नीट चालता येत नव्हतं. दाखला लिहून होईपर्यंत वडील कचेरीत बसले. ती कॉम्प्युटरच्या खोलीत आली आणि माझ्या शेजारी तिच्या जुन्या जागेवर बसली. लग्न कधी, असं मी विचारलं. "उन्हाळ्यात," म्हणाली. मग तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि प्रोग्रॅमची यादी पडद्यावर आणली.

ओळी वर सरकत गेल्या. ती बोट लावून वाचत होती. एकशे वीस, एकशे तीस, एकशे चाळीस, एकशे ऐंशी.

तिचं बोट तिथेच थांबलं.

आकडे पुन्हा ओळीने लावून घेणारी एक आज्ञा असते. ती मला पुढे कॉलेजात कळली. तेव्हा ठाऊक असती तर मी तेही केलं असतं, आणि तिला कधीच काही कळलं नसतं. पण तीन ओळींची जागा तशीच मोकळी राहिली होती.

"पन्नास, साठ, सत्तर कुठं गेल्या गं?" तिने विचारलं.

"सरांनी काढल्या असतील," मी म्हणाले.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं गणित दोनदा तपासून बघावं तसं पाहिलं. "सरांनी व्हय," ती म्हणाली. मग पडद्याकडे वळली आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, तिन्ही ओळी परत लिहून काढल्या. वही न बघता. इंग्रजी अक्षरं तिला आता माझ्याशिवाय येत होती. सगळं जपून ठेवणारी आज्ञा दिली, पदर सावरला आणि उठली.

"मालन," मी म्हणाले.

"आबा वाट बघत्यात," ती म्हणाली, आणि गेली.

माझ्या तोंडून एवढं एक नाव निघालं. पुढचं वाक्य मी पंचवीस वर्षं मनात लिहिते आहे. आता पुण्यात माझ्या हाताखाली चौदा जण प्रोग्रॅम लिहितात, कुणी एखादी ओळ काढली की का काढली ते मी खोदून खोदून विचारते, आणि ती मंडळी माझ्यामागे मला खवट म्हणतात. मालन लग्न होऊन घाटाखाली गेली एवढं कळलं. तिला शोधायचं धैर्य मला झालं नाही.

तिने घातलेल्या ओळींना मी पुन्हा हात लावला नाही. जिल्ह्याच्या प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "इथे माणूस कशाला लागतो?" "होडी बघायला," मी म्हणाले. ते पुढच्या टेबलाकडे गेले. मोहिते सरांनीही होडीचा प्रश्न शाळेत तसाच राहू दिला.

त्यामुळे दहावी होऊन मी गाव सोडेपर्यंत रोज साडेदहाला पडद्यावर तो यायचा. होडी पाण्यात आहे का? म्हाळुंगवाडीहून आता कुणीच येत नव्हतं. तरी कोंडीमामा खुर्चीवरून उठायचे, गुडघे धरत बाहेर जायचे, कट्ट्यावर चढून हाताची सावली करून पाण्याकडे बघायचे, मग परत येऊन शून्य दाबायचे.

एकदा मला ते बघवेना. म्हटलं, "मामा, कशाला रोज बाहेर जाता? आता कोण येणार आहे? इथूनच शून्य दाबा."

"इचारलंय न्हवं त्यानं?" मामा म्हणाले. "मग बगूनच सांगाय पायजे."

आणि ते बघायला गेले.